कुसळ

उजव्या तर्जनीच्या टोकाला लाल ठिपका आहे, टाचणीच्या डोक्याएवढा. म्हणून हे मधल्या बोटाने टाइप करतोय. युकुलेलेला, म्हणजे गिटारच्या चार तारांच्या धाकट्या भावाला, लो जीची (खालच्या 'जी' सुराची) गुंडाळलेली तार चढवली, सूर लावला, टोक तेवढं कापायचं राहिलं होतं. तेवढ्यात शेजारचे काका आले.

"एवढ्याशा टोकाला काय घेऊन बसलायस?" त्यांनी खिशातून नेलकटर काढलं. काकांच्या खिशात ते असतंच.

"काका, आधी वाकवायची, मग कापायची."

"कापायचीच आहे ना? मग वाकवतोस कशाला?"

मी समजावलं. आत नायलॉनच्या बारीक तंतूंचा गाभा, त्यावर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार. वेढे नुसते आवळून बसलेले असतात. सरळ कापलं की टोकाकडून सैल पडतात, गाभा आत सरकू शकतो, तार मग ठस्स वाजते. खुंटीपासून पाच-सहा मिलिमीटरवर पकडीने काटकोनात मोडली की वेढे तिथेच अडकतात. कापायचं त्या मोडीच्या पुढे.

"म्हणजे बुटाची लेस," काका म्हणाले. "पण लेसला प्लास्टिकची टोपी असते. हिला का नाही?"

प्रश्न बरोबर होता, याचाच जास्त राग आला. एवढा मुलामा देता, तर टोकाला एक टोपी द्यायला काय होतं? ती आपण घालायची, सुपरग्लूच्या थेंबाची. तोही टूथपिकने, कारण ट्यूब थेट दाबली की गोंद खुंटीच्या दात्यांत उतरतो आणि खुंटी कायमची मौनात जाते.

"त्यापेक्षा जाळ की! नायलॉनची दोरी आम्ही जाळूनच बसवतो."

दोरीला तांब्याचा अंगरखा नसतो, काका. ज्योतीने गाभा वितळतो, पण धातूचं टोक तसंच उभं राहतं, वर उष्णता आत नेतं. आणि वाद्याचं पॉलिश दोन बोटांवर! हे सगळं मी बोलेपर्यंत कट्ट झालं होतं.

नेलकटर नखांसाठी असतं. त्याने गुंडाळलेली तार तुटत नाही, चावली जाते. वरचा वेढा सुटून उभा राहतो, बाजरीच्या कणसाच्या कुसळासारखा. सपाट तोंडाचं कटर हवं, आणि कापताना सुटं टोक दुसऱ्या हाताने धरलेलं हवं. नाहीतर तुकडा उडतो. उडालाच. "बघू," म्हणत मी टोकावरून बोट फिरवलं, ही मात्र माझी अक्कल.

खरं तर आज कापायलाच नको होतं. नवं नायलॉन काही दिवस ताणत राहतं, रोज सूर उतरतो, रोज पिळावं लागतं. खुंटीवर दोन-तीन वेढे बसून सूर टिकायला लागला की मग शेपूट छाटावी. घोडीकडे, म्हणजे तारेचं दुसरं टोक जिथे गाठ मारून बांधतात तिथे, तर आणखी जपून. तिथलं लांब टोक पुढच्या फळीला टेकलं की प्रत्येक सुराबरोबर झर्रर्र होतं, लाकडावर ओरखडे पडतात ते वेगळेच. आणि फार आखूड कापलं तर गाठ निसटते. मग लोक पूर्ण वाद्य उलटंपालटं करून 'फ्रेट (मानेवरची धातूची पट्टी) खराब आहे' म्हणतात.

मुळात गुंडाळलेली तार हवीच कशाला, असंही काकांनी विचारलं. साध्या नायलॉनने तेवढा खालचा सूर काढायचा तर तार फार जाड लागते, जाड तार ताठ, आणि ताठ तारेचा आवाज भोंगळ. तांबं वजन वाढवतं, ताठपणा नाही. काकांनी मान डोलावली, नेलकटर पाहिलं आणि म्हणाले, "याची धार गेली रे."

भरपाई मागतायत की काय, कळेना. उडालेला तुकडा अजून सापडलेला नाही. घरात सगळे चपला घालून फिरतायत.