पोरं वाट चुकत होती आणि मी गप्प होते: 'जुना भटक्या' यांना उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नाव दिलेलं नाही, पण राजगड पहिल्यांदा केला तेव्हा एसटीचं तिकीट किती होतं ते लिहिलंत, त्यावरून वयाचा अंदाज बांधून काका म्हणतेय. चालवून घ्या.

ज्यांनी काकांची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या न्यू जर्सीच्या स्काउट ट्रूपचा एक क्रू, म्हणजे पोरांची एक तुकडी, या उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोतल्या फिलमाँट या स्काउटांच्या डोंगराळ कॅम्पला 12 दिवसांच्या ट्रेकला जातोय. त्याच्या सरावाच्या हाइकवर पोरं चुकीच्या वाटेला लागली आणि मला ते कळत असूनही मी पाऊण तास बोलले नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. काकांचं म्हणणं: एक, हा शुद्ध बेजबाबदारपणा. दोन, डोंगरावर जायला दीड वर्ष तयारी, फॉर्म, वजनकाटे हे कसलं साहस? आम्ही भाकरी-चटणी बांधून निघायचो. तीन, हे पैसेवाल्यांचे चोचले. आणि शेवटचा प्रश्न, तुमचा स्वतःचा मुलगा त्यात असता तर गप्प बसला असतात का?

काका, पहिला आणि दुसरा आक्षेप तुम्ही वेगवेगळे मांडलेत. माझ्या लेखी ती एकच गोष्ट आहे. मला गप्प बसता आलं ते त्या दीड वर्षामुळेच.

ती जागा डेलावेअर वॉटर गॅपजवळची, सनफिश पाँड या तळ्याकडे जाणारी वाट. झाडांवर पांढरे पट्टे असलेली अ‍ॅपलेशियन ट्रेल डावीकडे चढते आणि हिरव्या खुणांची वाट ओढ्याच्या काठाने उजवीकडे जाते. पोरं गप्पांच्या नादात उजवीकडे गेली. ही वाटही वळसा घेऊन तळ्याच्या बाजूलाच येते हे मला माहीत होतं, कारण आदल्या रविवारी मी ती चालून आले होते. कुणाला दमा आहे, त्याचा इनहेलर सॅकच्या कुठल्या खिशात आहे, हे सगळ्या दहा पोरांना पाठ होतं. आम्ही दोघं मोठे रानातल्या प्रथमोपचाराचा 16 तासांचा कोर्स केलेले. अंधार पडायला सहा तास होते. एवढं हातात असताना मी तोंड उघडलं असतं, तर पोरं एकच गोष्ट शिकली असती: चुकलं की मागे वळून काकूंच्या तोंडाकडे बघायचं.

शेवटी सगळ्यात लहान, साडेतेरा वर्षांचा पोरगा थांबला आणि म्हणाला, पांढरे पट्टे शेवटचे कुणी पाहिले? कुणीच नाही. मग दहा मिनिटं भांडण, नकाशा उलटा-सुलटा, आणि 15 वर्षांच्या क्रू लीडरने ठरवलं की शेवटचा पट्टा दिसला होता तिथपर्यंत मागे जायचं. काही जण कुरकुरले, पण गेले.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. त्या वाटेवर ओढा ओलांडावा लागतो, आणि एप्रिलमधलं पाणी म्हणजे बर्फच. पहिल्या ओलांडणीच्या अलीकडेच मी थांबवायला हवं होतं. दोन पोरांचे बूट भिजले, एक जण घरी येईपर्यंत कुडकुडत होता. गप्प बसायची हद्द कुठे संपते हे आम्ही दोघा मोठ्यांनी निघण्याआधी ठरवलं नव्हतं. आता ठरवलंय. पाणी, वीज आणि कडा, या तिन्हींपाशी मोठे बोलणार.

आता राजगड. गुंजवण्याहून चोर दरवाजाने मीही चढलेय, कॉलेजात असताना. चौदा जणांत एक टॉर्च. उतरताना मैत्रिणीचा पाय मुरगळला, क्रेप बँडेज कुणाकडेच नाही, ओढणी फाडून बांधली. आजही हसतो त्यावर. पण आठवून बघा, तुमच्या ग्रुपमध्ये एक दादा असायचा ना? वाट त्याला ठाऊक, पाणी कुठे ते त्याला ठाऊक, बाकीचे त्याच्या मागे. आमच्यातही होता. इथे त्या दादाच्या जागी 15 वर्षांचं पोर आहे, आणि आपलं कळसूबाई 5,400 फुटांचं, तर फिलमाँटचा बेस कॅम्पच साडेसहा हजार फुटांवर. तिथलं बाल्डी माउंटन हे शिखर 12,441. दुपारी ढग येतात, विजा पडतात, म्हणून शिखर सकाळीच गाठून उतरायचं. पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या पंचवीस-तीस टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही, त्यासाठी तो वजनकाटा. 50 किलोच्या पोराने 22 किलोची सॅक भरून आणली होती. आत जीन्सच्या दोन पँटी आणि आईने दिलेला चिवड्याचा अख्खा डबा.

अस्वलांचं तर विचारूच नका. वास येणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे टूथपेस्ट, लिप बाम, सनस्क्रीन, रात्री पिशवीत घालून उंच तारेवर टांगायची. सरावाच्या कॅम्पवर पिशवी वर गेली, पोरं झोपायला गेली आणि एकाच्या खिशात चिंचगोळी सापडली. अशा विसरलेल्या वस्तूंसाठी एक छोटी वेगळी पिशवी मागे ठेवतात. तिचं नावच 'ऊप्स बॅग'. त्या एका गोळीसाठी चार जण हेडलँप लावून परत दोरीपाशी.

आणि इतकं करूनही हातात सगळं असतंच असं नाही. 2018 मध्ये फिलमाँटलगतच्या यूट पार्कच्या आगीत 36 हजारांहून जास्त एकर जंगल जळलं, त्यातलं बरंचसं फिलमाँटचं. त्या उन्हाळ्यातले तिथले सगळे ट्रेक रद्द झाले.

पैशांचं तुम्ही लिहिलंत ते टोचलं, कारण खरं आहे. पॉपकॉर्न विकून, गाड्या धुवून पोरांनी काही रक्कम जमवली, पण विमानाचं तिकीट आणि बूट घरच्यांच्याच खिशातून. सुरुवातीला बारा पोरं होती. दोघं 'समर क्लास आहे' म्हणून गळली. क्लासचं कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं, आणि मी पुढे विचारलं नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. माझा मुलगा त्यात होता, काका. नकाशा त्याच्याच हातात होता. मराठी वाचायला त्याला फार वेळ लागतो, त्यामुळे मला सगळं आधीच ठाऊक होतं हे त्याला अजून कळलेलं नाही.