आत्री!

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, नवीन जॉब, म्हणजे यंत्राचा नवा भाग, डेव्हलप करायचा, तर पूर्वी चार माणसं आणि चहाची किटली एवढंच भांडवल लागायचं. पुण्याहून कस्टमरचे डिझाईनवाले सर रात्रीच्या लक्झरीनं येऊन उतरायचे, ड्रॉईंगचं भेंडोळं टेबलावर पसरायचे आणि पॅटर्नवाले, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना करणारे मेस्त्री, फाउंड्रीचे (ओतशाळेचे) सुपरवायझर आणि मशीनशॉपवाला मी असे तिघं त्यावर वाकायचो. संध्याकाळपर्यंत दोन भांडणं आणि एक निर्णय व्हायचा. जाताना सर किलोभर कुंदा घेऊन जायचे.

आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कुंदा तेवढा वाचला.

ग्रुपचं नाव 'पंप हाऊसिंग फायनल'. ज्या दिवशी तो काढला, त्या दिवशी हाऊसिंगचा एक कोपराही फायनल नव्हता. मूळ ड्रॉईंग मेलवर आलं, रिव्हिजन 'बी' दुसऱ्या मेलवर, आणि रिव्हिजन 'सी' म्हणजे 'बी'च्या प्रिंटवर लाल पेनानं खुणा करून काढलेला फोटो. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पिळून लहान करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर शाबूत पोचतो, हे ज्ञान मला याच जॉबनं दिलं. त्या फोटोतला बॉसचा, म्हणजे हाऊसिंगवरच्या गोल उंचवट्याचा, 33 व्यास मला 38 दिसला, फाउंड्रीला 88 दिसला आणि मेस्त्रींना तिथं बॉस आहे हेच दिसलं नाही. माझ्याकडं मशिनिंगला 50 मिलिमीटरचा एच7 बोअर (भोक), म्हणजे मापात मुभा 25 मायक्रॉनची, डोक्याच्या केसाहून कमी. ड्रॉईंग वाचायला मात्र 55 मिलिमीटरची!

बरं, विचारावं तर त्याच दिवशी फाउंड्रीच्या सुपरवायझरांचा वाढदिवस. सरांनी विचारलेलं 'सी सर्वांना मान्य आहे ना?' हे दोन केकांच्या आणि एका गुलाबाच्या मधोमध अडकलं. त्याच्या खालीच सुपरवायझरांनी हात जोडून लिहिलं, 'सर्वांचा मनापासून आभारी आहे.' सरांनी त्याला अंगठा दिला. झाली रिव्हिजन 'सी' मंजूर. आमच्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवताना निदान दोनदा विचार केला असेल.

मग पॅटर्नचा फोटो गेला. मेस्त्रींनी हौसेनं व्हर्निअर लावून काढलेला. ड्रॉईंगवर 200, व्हर्निअरवर 202. पुण्याच्या ऑफिसात नुकताच लागलेला एक पोरगा ठळक अक्षरात ओरडला, 'पॅटर्न चुकला!!' पाठोपाठ तातडीची व्हिडिओ मीटिंग. नऊ चौकटी, त्यांतल्या चार काळ्या, आणि एकीत मेस्त्रींचं नुसतं कपाळ. बीडाचा रस थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठाच करतात, हे एवढंसं सांगायचं होतं. पण मेस्त्री म्यूटवर. पाऊण तास ते तळमळीनं समजावत होते, आम्ही त्यांचं कपाळ हलताना बघत होतो.

एवढं सगळं सोसलं असतं. घात केला तो 'आत्री'नं.

सुपरवायझर घरी कन्नड बोलणारे. सरांनी ग्रुपवर लिहिलं, 'पुढच्या सोमवारपर्यंत सॅम्पल कास्टिंग द्यावं.' यांचं उत्तर आलं, 'आत्री.' सरांनी मला वेगळा मेसेज टाकून अर्थ विचारला. मी कामाच्या गडबडीत, एका हातात कटिंग टूलचं इन्सर्ट. लिहून टाकलं, 'झालं असं म्हणतायत.' अर्थ खोटा नव्हता. पण आमच्याकडं 'आत्री' म्हणजे 'झालं' आणि 'आत्री' म्हणजे 'बरं'सुद्धा. कुठलं ते समोरच्याची मान बघून कळतं, आणि ग्रुपवर मान दिसत नाही. कास्टिंग झाल्याची बातमी सरांनी त्यांच्या वरच्यांना दिली, वरच्यांनी असेंब्लीची तारीख ठरवली. इकडं अजून साचाही भरला नव्हता.

शेवटी स्कूटर काढली आणि अनगोळला मेस्त्रींकडं गेलो. दहा मिनिटांची वाट. पंधरा दिवस ती मी मोबाईलवरून चालत होतो. मेस्त्री पॅटर्नवर सँडपेपर घासत बसलेले.

"दोन शंका होत्या ओ," ते म्हणाले.

"मग विचारायच्या की!"

"कुणाला? तुम्ही सगळे ग्रुपवर होतासा."

सुपरवायझरांना तिथंच बोलावून घेतलं. सरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला, आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले. चहा संपायच्या आत बॉस 33 चा ठरला, ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न साच्यातून सुटायला लागणारा उतार, कुठल्या बाजूला द्यायचा तेही ठरलं. मेस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून लाकडावरच लिहिलं. मी फोटो काढला, आठवणीनं डॉक्युमेंट म्हणून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हे आता नक्की. कृपया सर्वांनी कळवावं.'

माझ्या शेजारीच बसलेल्या सुपरवायझरांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा चढवला आणि टाईप केलं, 'आत्री.'

पुण्याहून लगेच विचारणा: 'बरं म्हणजे बरं, की झालं म्हणजे झालं?'

सुपरवायझरांनी क्षणभर विचार केला आणि उत्तर पाठवलं.

'आत्री, सर.'