सेटिंग केलंय म्हणे!

आज सकाळी, वायरमननं पाच दिवसांपूर्वी बसवलेल्या नव्या डीबीतल्या (घरभर वीज वाटून देणारा डबा) आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) टेस्टचं बटण दाबलं. ते दाबलं की खटका पडायला हवा. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबून धरलं. खटका जागचा हलला नाही आणि स्वयंपाकघरात फ्रिज आपला घुरघुरतोय.

मेन बंद केला. डीबीच्या पुढच्या प्लेटचे चार स्क्रू काढले. आणि डोकंच फिरलं. आरसीसीबीचे चारही टर्मिनल रिकामे! मेनकडून आलेली लाल वायर आणि एमसीबींकडे (एकेका लायनीच्या स्विचकडे) जाणारी लाल वायर एकमेकींना पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. काळ्या वायरींचंही तेच. दोन हजारांच्या वर पैसे मोजून आणलेला ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्या डब्यात नुसता शोभेला बसवलाय. पाच दिवस. पाच दिवस आम्ही त्याच्या भरवशावर ओल्या हातांनी वॉशिंग मशीन लावतोय.

फोन केला तर वायरमन म्हणतो, "ताई, ते सारखं पडत होतं ना, म्हणून डायरेक्ट केलं. साहेबांना बोललो होतो मी."

साहेब म्हणजे आमचे हे. त्यांना काय बोलला होता? "सेटिंग केलंय, आता नाही पडणार." सेटिंग! अरे, त्याला सेटिंग असतं कुठे? गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की त्यानं पडायचं, एवढंच त्याचं काम. फिरवायला बटण नाही, पिळायला स्क्रू नाही. सरळ तोंडावर खोटं बोलला.

आणि पडत का होतं, तेही सांगते. मशीनच्या पॉइंटला नव्या डीबीतून फेज (करंट आणणारी वायर) आणला आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) जुन्या बोर्डाचाच ठेवला. न्यूट्रलची नवीन वायर ओढायची तर बाथरूमबाहेरचा भिंतीतल्या पाइपचा बेंड फोडावा लागला असता, अर्ध्या दिवसाचं काम. तेवढं वाचवलं. मग करंट जाणार आरसीसीबीतून आणि परत येणार भलत्याच वाटेनं. मशीन सुरू केल्याबरोबर पडणारच! ते बरोबर पडत होतं. चूक याच्या वायरिंगमध्ये होती आणि ती दाखवणाऱ्याचंच तोंड यानं बंद केलं. वर आम्हाला सांगतो, "पीसच खराब आहे, हल्ली माल असाच येतो." मी बावळटासारखी दुकानात जाऊन त्या बिचाऱ्या दुकानदाराशी भांडून आले.

हा सगळा घाट मुळात कशासाठी घातला होता? गेल्या पावसाळ्यात सासूबाईंनी मशीनच्या झाकणाला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर मशीनच्या पत्र्यावर दिवा लागतोय. त्या सॉकेटला अर्थिंगची वायर होती, पण मागे कुठेच जोडलेली नव्हती, भोकात नुसती खुपसून ठेवलेली. बहात्तर वर्षांची बाई, अनवाणी, ओल्या फरशीवर. त्या दिवसापासून त्या मशीनजवळ जायला घाबरतात. आता नवीन डीबी लागला म्हटल्यावर मीच त्यांना म्हणाले, "आई, आता बिनधास्त लावा." माझ्या तोंडून वदवलं त्यानं हे! मला याचाच सगळ्यात जास्त संताप येतोय.

आणि म्हणे, "ताई, एमसीबी आहेत की!" १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट एक अँपिअरही नसतो, माणूस मेला तरी एमसीबीला पत्ता लागत नाही. वीस वर्षं काम करणाऱ्याला हे माहीत नाही? की माहीत असून केलं? दोन्हींत वाईट काय, मला ठरवता येईना.

लायसन विचारलं होतं मी. पहिल्याच दिवशी. घरातलं वायरिंग वाढवायचं, बदलायचं तर ते लायसनवाल्या कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं, असा नियम आहे. तर हा हसून ह्यांच्याकडे बघत म्हणाला, "साहेब, वीस वर्षं झाली या लायनीत." प्रश्न मी विचारला, उत्तर साहेबांना! सगळ्या कामात हेच. डीबी कुठे बसवायचा, कुठल्या पॉइंटला काय चालणार, गीझर २००० वॉटचा, इंडक्शन २००० वॉटचं, ओव्हन, एसी, सगळं कागदावर मी काढून दिलेलं. मुख्य बोर्डापासून सहाची (सहा चौरस मिलिमीटरची) वायर, एसीला चारची, स्वयंपाकघरातल्या सॉकेटला अडीचची, हे मी लिहिलेलं. आणि भाऊ विचारतोय कुणाला? ज्यांना घरातला मेन स्विच कुठे आहे हे दाखवावं लागतं त्यांना! "ताई, तुम्ही चहाचं बघा." मागच्या वेळी फॉल्स सीलिंगवाल्यानं हेच केलं होतं, त्याआधी प्लंबरनं. ओट्याखालचा नळ माझ्या रोजच्या वापरातला आणि उंची ठरवली ह्यांना विचारून.

प्लेट उघडलीच होती म्हणून बाकीचंही बघितलं. गीझरच्या लायनीला हिरवी वायर फेज म्हणून वापरलीय. हिरवी! लाल संपली असणार, मग जे हाताला लागलं ते. उद्या दुसरा कुणी येईल, हिरवी म्हणजे अर्थिंग समजून बिनधास्त हात घालेल. त्याच्याही घरी कुणी वाट बघत असेल ना?

आमच्या बिल्डिंगचंच नशीब फुटकं. चौऱ्याण्णव सालचं बांधकाम, अख्ख्या फ्लॅटला चार किटकॅट फ्यूज, तार घालायचे जुने. गीझर आणि मिक्सर एका लायनीवर. फ्यूज उडाला की आधीचे भाडेकरू त्यात जाडजूड तांब्याची तार घालायचे, मी स्वतः काढलीय ती. तेव्हाही सगळ्यांचं एकच पालुपद, "चालतंय की!" या "चालतंय" शब्दाची मला आता शिसारी आलीय. भिंत काळी पडेपर्यंत चालतंच सगळं.

पैशात घासाघीस केली असती तर एक वेळ समजू शकले असते. एक रुपया कमी केला नाही. सांगितला तो आकडा दिला, जास्तीच्या दिवसांचे पैसे धरून. वायरींसाठी भिंतीत झिऱ्या मारल्यावरचा सगळा राडारोडा मी भरला, पोत्यात घालून तीन जिने खाली मी नेला. आठ दिवस ताटात सिमेंटची धूळ. बदल्यात एक गोष्ट मागितली होती, की काम नीट करा. न्यूट्रल काढायला बेंड फोडावा लागतोय, अर्धा दिवस जास्त लागेल, एवढं सांगितलं असतं तर "फोडा" म्हणाले असते. विचारलंच नाही!

मघाशी पुन्हा फोन आला. "ताई, तुम्ही म्हणता तर जोडून देतो, पण मग पडायला लागलं तर मला बोलावू नका."

बोलावणार नाहीच. लायसनवाला माणूस शोधलाय, तो परवा येतोय. नव्या डीबीकडे जाणारा एमसीबी जुन्या बोर्डात बंद केलाय आणि त्यावर पट्टी चिकटवून "चालू करू नये" लिहिलंय. कपडे बादलीत भिजत पडलेत. सासूबाई आत्ता येऊन विचारून गेल्या, "अगं, आता नवीन बसवलंय ना, मग मशीन का नाही लावायची?" काय सांगू त्यांना?