कट्टर व्हा, ग्रुप आपलाच आहे

विचार जहाल आहेत, पण ग्रुपवर कोणी वचकत नाही? काळजी नको. आमच्या बागकामाच्या ग्रुपवर परवाच प्रात्यक्षिक झालं, त्यातली शिकवण देतो.

विषय कोणताही असो, आपलं घोडं पुढे दामटा. जास्वंदीची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असा फोटो टाकून कुणी उपाय विचारला होता. लोह कमी पडतंय, असं उत्तर येतंय तोच मेसेज धडकला: ‘पानं दिसतात, देश पोखरला जातोय ते नाही दिसत?’

प्रोफाइलवर स्वतःचा चेहरा नको. सिंह लावा.

हिटलरचा विषय लवकर काढा. ऑनलाइन चर्चा लांबली की तो येतोच, हे अमेरिकन वकील माइक गॉडविनने १९९० मध्येच सांगून ठेवलंय. मग ताटकळायचं कशाला?

डावे असाल तर समोरचा फॅसिस्ट, उजवे असाल तर देशद्रोही. बाकी मजकूर तोच चालतो.

पुरावा मागितला तर ‘तेव्हा कुठे होतात?’ विचारा. तेव्हा म्हणजे कधी, ते सांगू नका.

फॉरवर्ड मात्र मन लावून करा. खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल, अशी सोय व्हॉट्सॲपने २०२० मध्ये केली. पण तुमचा अंगठा थोडाच दमतो! भलत्याच देशातला जुना फोटो ‘कालची घटना’ म्हणून ढकला. कुणी बिचारा तासभर खपून मूळ फोटो शोधून आणेल, तोवर तुमचे आणखी चार येऊन पडलेले. वर त्यालाच विचारायचं, ‘किती मिळतात?’ म्हणजे खोटं तुम्ही पसरवायचं, निस्तरायचं आम्ही, आणि विकले गेलेलेही आम्हीच!

ज्या काकूंनी निम्म्या ग्रुपला कलम बांधायला शिकवलं, त्यांनी ‘इथे हे नको ना’ एवढंच लिहिलं. आधी त्यांचं आडनाव काढलंत, मग मुलगा कुठल्या देशात नोकरी करतो तेही. रात्री त्या ग्रुप सोडून गेल्या आणि तुम्ही खाली हसऱ्या इमोजींची रांग लावलीत.

याला विचारधारा म्हणता? ही निव्वळ गुंडगिरी आहे. हिंमत असेल तर तोच मेसेज स्वतःच्या नावाने, घरच्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा.

आणि ॲडमिन साहेब, ‘सर्वांनी संयम पाळावा’ काय? सर्वांनी? काकूंनी काय केलं होतं? त्या सिंहाला आजच्या आज काढा, आणि काकूंना मेसेज नको, फोन करून माफी मागा.