सेल्सचं नाव काढलं की तोंडं का पडतात?

आज मुलुंडला एका बारशाला गेले होते, तिथून जे डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते.

माझा भाचा यंदा बीएस्सी झाला. एका औषध कंपनीत एमआरची, म्हणजे डॉक्टरांना आणि दुकानदारांना भेटून औषधं खपवणाऱ्या मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची ऑफर आलीय, ठाणे-मुलुंड एरिया. पोरगं मला आनंदाने सांगायला आलं आणि शेजारी जेवत बसलेली त्याची आत्या म्हणाली, "अगं बाई, सेल्समध्ये? म्हणजे बॅग घेऊन दारोदार?" लगेच दुसरीने समजूत काढली, "असू दे रे, तात्पुरतं कर, मग चांगलं काहीतरी बघू." मयताला गेल्यावर बोलतात ना तसा आवाज. भाचा ताटात बघत बसला. निघताना जिन्यात मला म्हणतो, "मावशी, मी नाही म्हणून कळवतोय त्यांना. कॉम्प्युटरचा कुठला तरी कोर्स करतो." कुठला ते त्यालाही माहीत नाही. आवडीने करत असता तर मी स्वतः फी भरली असती, पण हा लाजेपोटी करतोय.

बाळाचं बारसं होतं म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

मी २००० साली एमआर झाले. केमिस्ट्रीत बीएस्सी, वय बावीस, घर करी रोडच्या चाळीत. माझा एरिया घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप. खांद्याला सात-आठ किलोची बॅग, त्यात सॅम्पल, लिटरेचर म्हणजे माहितीपत्रकं, व्हिज्युअल एड म्हणजे डॉक्टरांना दाखवायची चित्रांची फाईल, छत्री आणि डबा. सकाळी हॉस्पिटलच्या ओपीडी, दुपारी केमिस्ट आणि त्यांना माल पुरवणारे ठोक व्यापारी म्हणजे स्टॉकिस्ट, संध्याकाळी क्लिनिक. क्लिनिकला पेशंट संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं, मग कंपाउंडर सांगणार, आज दोनच एमआर आत. बऱ्याचदा रात्री साडेदहाची स्लो पकडून घरी, आणि घरी जाऊन दिवसभराच्या कॉलचा रिपोर्ट लिहायचा. त्या एरियात तेव्हा बाई एमआर मी एकटीच होते, निदान मला तरी दुसरी कधी दिसली नाही.

आता भांडुपचं सांगते, कारण माझं सगळं शिक्षण तिथे झालं, कॉलेजात नाही.

मार्च क्लोजिंग होतं. माझं टार्गेट अडकलं होतं आयर्नच्या सिरपवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कंपनीने स्टॉकिस्टला बिल फाडलं की तुमचा सेल झाला, पुढे ती बाटली एखाद्या बाईच्या पोटात गेली की फळीवर धूळ खात बसली याच्याशी महिनाअखेरीला कुणाला देणंघेणं नसतं. पण स्टॉकिस्टने हात वर केले होते, म्हणाला आधी दुकानदारांच्या ऑर्डरी आण, मग माल उचलतो. म्हणून भांडुप स्टेशनजवळच्या एका केमिस्ट काकांच्या मी मागे लागले. कच्छी गृहस्थ, कमी बोलणारे. ते म्हणत होते दोन डझन पुरे, मी गोड बोलून, थोडं रडवेलं तोंड करून दहा डझन गळ्यात मारले. "काका, ऑगस्टपर्यंत सगळं जाईल." टार्गेट झालं, साहेबांनी मीटिंगमध्ये नाव घेतलं, टाळ्या वाजल्या.

ऑगस्टमध्ये गेले तर काकांनी आठ डझन बाटल्या काउंटरवर मांडून ठेवल्या होत्या. माझी वाट बघत होते म्हणे. एका खोक्यात बाटली लीक झालेली, पुठ्ठ्यावर गंजासारखा तपकिरी डाग आणि त्याला मुंग्या. काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "हा माल मी नाय मागवला बेन, तुझ्या टार्गेटने मागवला."

पंचवीस वर्षं झाली. त्या वाक्यासारखं मला कुठल्या मॅनेजरने, कुठल्या ट्रेनिंगने काही दिलं नाही.

मी सॉरी म्हणाले, माल परत नेते म्हणाले. तर म्हणतात, परत नंतर ने, आधी तासभर काउंटरच्या आत उभी राहा, बोलायचं नाय, फक्त ऐकायचं. आणि मी उभी राहिले. बाहेर पाऊस, शटरवरून पाणी गळतंय, स्टेशनवरून उतरलेल्या बायका येतायत. एक आली, तिला तेच सिरप डॉक्टरने लिहून दिलेलं, म्हणाली ते नको, मागच्या वेळी शौचाला काळंकुट्ट झालं, मला वाटलं पोटात रक्तच पडतंय, टाकून दिली बाटली. दुसरी म्हणाली तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणून मी चहावर घेते. तिसरीच्या मुलीचे दात काळे झाले होते.

हे सगळं मला पाठ होतं हो! आयर्नने शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चहाबरोबर घेतलं तर आयर्न अंगी नीट लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतलं तर जास्त लागतं. पातळ औषध दाताला डाग पाडतं म्हणून स्ट्रॉने घ्यावं. ट्रेनिंगमध्ये सगळं घोटून घेतलेलं. पण डॉक्टरांपुढे मी फक्त चव, किंमत आणि स्कीम बोलायचे, कारण साहेबांनी सांगितलं होतं, विचारल्याशिवाय त्रासाचं बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच भागातल्या एका स्त्रीरोग डॉक्टरांकडे गेले आणि व्हिज्युअल एड बॅगेतून काढलंच नाही. म्हटलं, सर, तुमच्या पेशंट औषध अर्ध्यावर सोडतायत, का सोडतायत ते मी काल दुकानात उभं राहून ऐकलंय. तोवर या डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी पेन खाली ठेवलं. त्यानंतर ते चिठ्ठीवर औषधाखाली मराठीत लिहायला लागले, शौचाला काळं होईल, घाबरू नका, चहाबरोबर घेऊ नका. दिवाळीच्या आधी काकांनी आपणहून दोन डझनांची ऑर्डर दिली. मी मागितली नव्हती.

दोनच डझन. पण नोकरीत माझी मान पहिल्यांदा ताठ झाली ती त्या ऑर्डरने.

आता मला सांगा, हे "तात्पुरतं" काम आहे? आज मी एका हॉस्पिटलची खरेदी बघते. समोर बसून कुणी मशीन विकतं, कुणी ग्लोव्हज, कुणी सॉफ्टवेअर. सगळ्यांचं प्रेझेंटेशन झालं की मी एकच विचारते, मागच्या वर्षी यातलं परत किती आलं? त्यावर समोरच्याचा चेहरा जे सांगतो ते कुठल्या कोटेशनमध्ये नसतं. हा प्रश्न मला त्या आठ डझन बाटल्यांनी दिला. माणूस "बघतो, कळवतो" म्हणतो तेव्हा ते नाही असतं की खरंच बघतो असतं, हे क्लिनिकबाहेर उभं राहून कळतं. दिवसाला दहा दारांवर नाही ऐकून अकराव्या दारात पुन्हा सरळ चेहऱ्याने जायचं, हे पण तिथलंच. माझ्या टीममध्ये मोठ्या कॉलेजातली हुशार पोरं आहेत, एका व्हेंडरने फोन उचलला नाही तर दिवसभर हिरमुसून बसतात. त्यांना दोष देत नाही, त्यांना कुणी उभंच केलेलं नाही काउंटरच्या आत.

हो, या कामात घाण आहे. टार्गेटसाठी पोरं पिळली जातात, डॉक्टरांना गिफ्ट देण्याचे प्रकार मी डोळ्यांनी बघितलेत, २०२४ साली सरकारला त्यावर नवी आचारसंहिता काढावी लागली. आणि सगळ्यांना हे झेपत नाही, हेही मान्य. पुढे बोलूया.

मला खरा राग कशाचा येतो सांगू? आपण मराठी माणूस धंद्यात मागे का यावर तासन्‌तास बोलतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणायचे, ही गोष्ट आपण पोरांना अभिमानाने सांगतो. विकोचे केशव पेंढरकर १९५२ साली परळच्या छोट्या घरात दंतमंजन करून दारोदार विकायचे, तेही कौतुकाने सांगतो. मग आपल्या घरातला पोरगा बॅग उचलतो तेव्हा तोंड का वाकडं होतं? स्थळ बघताना "मुलगा सेल्सला आहे" म्हटलं की फोन का थंड होतो? संध्याकाळी पिग्मीवाला दारात येतो, त्याच्याकडे आपण बिनघोर पैसे देतो, आणि तो जावई म्हणून चालत नाही!

बारशाहून आल्यापासून मला बाबा आठवतायत.

बाबा लालबागला कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मी चार वर्षांची होते. नंतर बाबा दादरला फुटपाथवर पावसाळ्यात छत्र्या आणि एरवी रुमाल विकायचे. मी शाळेतून येताना कधी कधी जाऊन उभी राहायचे. बाबा छत्री उघडायचे, एकदा गोल फिरवायचे, गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचे आणि मग गप्प राहायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. ती छत्री त्या माणसाच्या हातात राहायची आणि तो आपणच भाव विचारायचा. मी हे पुढे मोठमोठ्या ट्रेनिंगमध्ये बघितलं, पण इतकं सुंदर कुणी केलं नाही.

आणि हा माणूस कोकणात गावी गेला की सांगायचा, "गिरणीतच आसंय." शेवटपर्यंत. ज्या छत्र्यांवर आम्ही तीन भावंडं शिकलो त्या छत्र्यांचं नाव गावात कधी निघालं नाही, कारण असल्याच कुणीतरी जेवता जेवता म्हटलं असतं, "म्हणजे फुटपाथवर?"

मला एमआरची नोकरी लागली त्या रात्री उशिरा घरी आले तर बाबा जागे होते. माझी बॅग उचलून बघितली, हातात तोलली आणि विचारलं, "जड आसा काय गो?" बाकी काही नाही. मी म्हटलं नाही. त्यांनी पट्टा बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळायच्या आत त्याला आतून जाड कापड शिवून दिलं होतं. छत्रीचं काळं कापड होतं ते.

हे टाईप करताना राग गेलाय थोडा. त्या आत्याही वाईट नाहीत, त्यांच्या घरातही कुणीतरी असंच उभं राहिलं असेल आणि लपवलं असेल.

भाच्याला मगाशी फोन केला. म्हटलं, नाही म्हणायचं तर म्हण, पण लाजून म्हणू नको. आधी अपॉइंटमेंट लेटर नीट वाच, एमआर लोकांसाठी १९७६ चा वेगळा कायदा होता, तो आता नव्या कामगार संहितेत गेलाय, रजा आणि बाकीच्या अटी लेखी घे, तोंडी शब्दावर जाऊ नको. आणि मंगळवारी संध्याकाळी मोकळा राहा. भांडुपचं ते दुकान अजून आहे, काका थकलेत, मुलगा बसतो गल्ल्यावर, पण संध्याकाळी खुर्ची टाकून तेही असतात. तासभर तुला आत उभं करतील का विचारते. ऑफरला उत्तर द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

तो म्हणाला, "मावशी, बॅग आणू का?"