जेमी रॉबर्ट्सच्या नावाने फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

भाऊजींनी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज असा: ‘वेल्सचा रग्बीपटू जेमी रॉबर्ट्स. दिवसा डॉक्टर, संध्याकाळी खेळाडू! पाच वर्षांत डॉक्टर झाला. एकही मॅच चुकवली नाही. कवटीला तडा गेला तरी मैदान सोडलं नाही. कोरोनात पेशंट वाचवले. आणि आपली मुलं म्हणतात वेळ मिळत नाही!’ याआधीही तो इकडून तिकडून आला होता, मी सोडून दिला. या वेळी मात्र तो माझ्या भाच्याला उद्देशून होता. पोरगा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या कबड्डी संघात चढाई करतो. त्याच आठवड्यात सरावात पकड होताना कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. डोकं जड आहे म्हणून सरावाला गेला नाही, तर बापाकडून हे.

कवटीचं आधी घेतो. बाकीच्या थापांनी फार तर डोकं फिरेल, ही थाप जिवावर बेतू शकते. २९ नोव्हेंबर २००८, कार्डिफचं मिलेनियम स्टेडियम, वेल्स विरुद्ध ऑस्ट्रेलिया. सामना जेमतेम सुरू झाला होता, तेवढ्यात रॉबर्ट्स आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टर्लिंग मॉर्टलॉक यांची डोकी एकमेकांवर आदळली. मॉर्टलॉक बाहेर गेला. रॉबर्ट्स काही वेळ खेळत राहिला, मग त्यालाही बाहेर जावं लागलं, आणि पुढे निघालं की कवटी फ्रॅक्चर झाली आहे. म्हणजे ‘मैदान सोडलं नाही’ हे मुळातच खोटं. जेवढा वेळ तो आत राहिला तेवढा वेळ त्याला तिथे राहू देणं ही चूक होती, आणि त्याचं नशीब बलवत्तर म्हणून ती निभावली. वेल्सने तो सामना २१-१८ असा जिंकला, म्हणून ती चूक शौर्य ठरत नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. त्या वर्षी वेल्सने ग्रँड स्लॅम, म्हणजे सहा देशांच्या स्पर्धेतले सगळेच सामने, जिंकले तेव्हा कर्णधार होता रायन जोन्स. २०२२ मध्ये त्याने जाहीर सांगितलं की त्याला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाला आहे. वय ४१. वेल्सकडूनच खेळलेल्या ॲलिक्स पॉफमला हे निदान ४०व्या वर्षी ऐकावं लागलं. डोक्याला बसलेल्या माराकडे दुर्लक्ष झालं म्हणून माजी खेळाडूंनी जागतिक रग्बी संघटनेला आणि इंग्लंड-वेल्सच्या संघटनांना कोर्टात खेचलं आहे. आज रग्बीत नियम साधा आहे: मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि परत यायचं ते टप्प्याटप्प्याने. पहिला धक्का भरून निघायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन तरुण पोरं दगावतात. ज्या खेळाचं उदाहरण भाऊजी देतात, त्या खेळानेच हा हट्ट सोडून दिला, आणि आपण तो घरातल्या पोराला शिकवतोय! भाच्याला मी फोनवर बजावलं आहे की डॉक्टरने तपासून हो म्हटल्याशिवाय मॅटवर पाय ठेवायचा नाही.

आता ती पाच वर्षं. रॉबर्ट्सने २००५ मध्ये कार्डिफ विद्यापीठात मेडिकलला प्रवेश घेतला आणि २०१३ मध्ये पदवी मिळवली. पाच वर्षांचा कोर्स, लागली आठ. कॉलेज कार्डिफमध्ये, त्याचा क्लब कार्डिफ ब्लूजही कार्डिफमध्ये, राष्ट्रीय संघाचं स्टेडियमही तिथेच. विद्यापीठाने अभ्यासक्रम लांबवायची सवड दिली, म्हणून जमलं. शिवाय ‘दिवसा डॉक्टर’ कधी होता तो? पदवी हातात आली त्याच वर्षी तो पॅरिसला रासिंग मेट्रोकडून खेळायला गेला.

‘एकही मॅच चुकवली नाही’ यावर फार शाई घालवत नाही. ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संघ म्हणजे लायन्स; त्यांच्या २००९ च्या दौऱ्यात तो मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण मनगटाच्या दुखापतीने तिसरी कसोटी हुकलीच. २०१३ च्या लायन्स दौऱ्यात मांडीचा स्नायू दुखावला, पहिल्या दोन कसोट्या गेल्या. कोरोनात त्याने कार्डिफच्या आरोग्य मंडळात मानद काम केलं, ते नव्या कल्पना राबवण्याचं होतं; पेशंट तपासण्याचं नव्हे. चांगलंच काम, पण मेसेजात लिहिलंय ते वेगळं.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. वेल्सकडून ९४ सामने, लायन्सकडून तीन कसोट्या आणि हातात डॉक्टरकीची पदवी, हे खरं आहे आणि थोर आहे. त्याच्याआधी जे.पी.आर. विल्यम्सनेही वेल्सकडून ५५ सामने खेळून हाडांचा सर्जन म्हणून आयुष्य काढलं. मात्र त्याचा काळ हौशी रग्बीचा. १९९५ नंतर पैसा आला आणि खेळ पूर्णवेळची नोकरी झाला. त्या काळात दोन्ही सांभाळणारा रॉबर्ट्स विरळाच.

आणि इकडे एमबीबीएसला? थिअरीला ७५ टक्के हजेरी, प्रॅक्टिकलला ८०. पहिलं वर्ष चार प्रयत्नांत सुटलं पाहिजे, अख्खा कोर्स नऊ वर्षांत. खेळासाठी वर्ष अर्धं अर्धं करून द्या, असं सांगायची सोय माझ्या भाच्याला कुठल्या खिडकीवर आहे? भाऊजी, त्याच्या डीनना पत्र लिहून ती सवड मागणार असाल, तर मसुदा मी करून देतो.