“त्यांची मासळी राखून आपल्याला काय?” याचं मुद्देसूद उत्तर

“आपल्या कोळ्याच्या जाळ्यात पापलेट नाही आणि दिल्ली हिंद महासागरातल्या सेशेल्स-मालदीव या बेटांच्या देशांना गस्तीनौका वाटतेय. त्यांची मासळी त्यांनी राखावी. नौका देऊन चोरी थांबत नाही. आधी आपल्या खाडीवर खर्च करा.” या आशयाचा मजकूर नवी मुंबईच्या दिवाळे गावापासून ठाण्याच्या चेंदणी आणि भाईंदरच्या उत्तनपर्यंत कोळीवाड्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यामागचं दुखणं खरं आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो आपल्याच मच्छीमाराच्या मुळावर येणारा आहे.

“त्यांची मासळी त्यांनी राखावी.” सेशेल्सची सगळी बेटं मिळून जमीन साधारण साडेचारशे चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कमी. पण १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर त्यांचा हक्क आहे आणि ते पाणी महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त भरतं. लाख-सव्वा लाख लोकवस्तीचा देश एवढ्या समुद्रावर एकट्याने पहारा देणार कसा? चोरटं जहाज ठावठिकाणा सांगणारं एआयएस यंत्र बंद करतं, कुपा (टूना मासा) भरतं आणि भरसमुद्रातच शीतगृहाच्या जहाजावर उतरवून मोकळं होतं. बंदरात पोचेपर्यंत चोरीचा माल कायद्याच्या मालात मिसळलेला असतो.

“आपल्याला काय?” खरा वाद इथेच आहे. कुपा एका देशाच्या हद्दीत राहत नाही, तो अख्ख्या हिंद महासागरात फिरतो. त्याचे नियम ठरवणाऱ्या टूना आयोगाचं मुख्यालय सेशेल्सच्या व्हिक्टोरियात आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. २०१५ मध्ये याच आयोगाने पिवळ्या पराच्या कुप्याची बेसुमार मासेमारी झाल्याचं जाहीर केलं. साठा घटला की पकडीवर बंधनं येतात, आणि ती चोरांना नाही, नोंदणी केलेल्या नौकांना लागतात.

सोमालियाचंही बघा. १९९१ नंतर तिथलं सरकार कोसळलं, किनारा उघडा पडला, परदेशी जहाजांनी मासळी लुटली. पुढे बोकाळलेल्या चाचेगिरीचं ते एकमेव कारण नव्हतं, पण एक मोठं कारण होतं. जहाज कंपन्यांनी चाच्यांच्या धोक्याचं क्षेत्र २०१० मध्ये थेट भारताच्या किनाऱ्यापर्यंत ओढलं आणि व्यापारी जहाजांवर बंदूकधारी आले. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यासमोर ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरून गोळ्या सुटल्या आणि आपले दोन मच्छीमार गेले. त्यांना चाचे समजलं गेलं होतं. “आपल्याला काय” असं लिहिणाऱ्याने हे दोन मृत्यू विसरू नयेत.

व्यापाराची बाजूही आहे. २०१० पासून युरोपात मासळी पाठवायची तर ती कुठे, कोणत्या नौकेने पकडली याचा दाखला लागतो. नियंत्रण ढिलं म्हणून श्रीलंकेच्या मासळीवर युरोपने २०१५ मध्ये बंदी घातली, ती उठायला वर्षाहून जास्त काळ गेला. तळोज्याच्या मासळी कारखान्यांत सोलायला-निवडायला जाणाऱ्या बायकांची मजुरी अशाच दाखल्यांवर उभी आहे.

“नौका देऊन चोरी थांबत नाही.” नुसत्या नौकेने नाहीच थांबत, हे मान्य. म्हणून २०१८ मध्ये गुरुग्रामला जहाजांच्या हालचालींवर नजर ठेवणारं नौदलाचं माहिती केंद्र सुरू झालं. २०२२ मध्ये क्वाड देशांनी (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया) उपग्रहांच्या मदतीने, यंत्र बंद केलेलं जहाजही शोधून ती माहिती छोट्या देशांना पुरवायचा उपक्रम जाहीर केला. पण जहाज दिसलं तरी जाऊन अडवायला नौका लागतेच. आणि सगळंच काही वाटप नसतं: मॉरिशसची गस्तीनौका ‘बॅराकुडा’ कोलकात्यात बांधली गेली, ती भारताने निर्यात केलेली पहिली युद्धनौका.

“आधी आपल्या खाडीवर खर्च करा.” खर्च हवाच. पण ठाण्याच्या खाडीतली मासळी रासायनिक सांडपाण्याने आणि भरावाने मारली, तिचा सेशेल्सच्या नौकेशी काहीही संबंध नाही. किनाऱ्यापासून १२ मैलांतली गस्त राज्याची जबाबदारी. मासळीचा अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ पासून निर्बंध आहेत, झगझगीत दिव्यांनी मासळी ओढणाऱ्या एलईडी मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात आणि परराज्यातले मोठे ट्रॉलर आपल्या हद्दीत शिरतात. तिथे शेजाऱ्याला मदत थांबवून एक दिवाही विझणार नाही. शिवाय आपल्याही नौका दुसऱ्यांच्या पाण्यात जातात. श्रीलंकेने २०१७ मध्ये समुद्रतळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर बंदी घातली, तरी तामिळनाडूचे ट्रॉलर पाल्कच्या सामुद्रधुनीत पकडले जातात. तिकडचा छोटा मच्छीमार आपल्यासारखाच ओरडतोय.

मागायचं असेल तर हे मागा. मासेमारी नौकांवर १ लाख ट्रान्सपॉन्डर (नौकेचा ठावठिकाणा कळवणारी यंत्रं) बसवायच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या शेजारच्या पालघरमधूनच झाली. उत्तनच्या किती नौकांवर ते बसले, किती चालू आहेत, आणि बंदी मोडणाऱ्या किती नौकांना त्यामुळे दंड झाला, याचा हिशेब मत्स्यव्यवसाय विभागाने दर महिन्याला बंदरावर लावावा.